पर्समधले पैसे खेळत नाहीत

पर्स उघडून मी पाचशेच्या बारा नोटा मोजल्या आणि समोरच्या चिप्सशेजारी, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांशेजारी, पोकर टेबलाच्या हिरव्या कापडावर ठेवल्या. पत्ते वाटणाऱ्या डीलर मुलीने त्या नोटांना हातही लावला नाही. पॉटवरची, म्हणजे डावात जमलेल्या रकमेवरची, नजर न काढता ती शांतपणे हिंदीत म्हणाली, "मॅडम, नोटा आत ठेवा. या डावात त्या खेळणार नाहीत." माझे वडील आयुष्यभर नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोकरीला होते. ज्या गावात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, त्या गावच्या मुलीला कोणी असली नोट परत घ्यायला सांगेल, अशी कल्पनाही मी केली नव्हती. टेबलाभोवतीचे आठ जण माझ्याकडे पाहत होते, कान गरम झाले होते आणि निर्णय माझ्याकडेच अडला होता. त्या डावाचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी मी त्या खुर्चीपर्यंत कशी पोहोचले, ते सांगायला हवे.

मी व्यवसायाने करसल्लागार आहे. माझे निम्मे पक्षकार लासलगाव आणि पिंपळगाव बाजार समित्यांमधले कांद्याचे व्यापारी आहेत, त्यामुळे आकडे, पावत्या आणि ताळेबंद यांत माझा दिवस जातो. पत्त्यांशी संबंध म्हणाल तर वर्षातून एकदाच, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी मांडल्या जाणाऱ्या तीन पत्तीपुरता. तो खेळ नाण्यांचा असे, पण त्यावरून झालेली भांडणे मात्र बंद्या रुपयांची असत. एके वर्षी माझ्या थोरल्या चुलतभावाने चाल इतकी वाढवली की काकांच्या पुढ्यातली नाणी संपली. काकांनी पाकिटाच्या पाठीवर रक्कम लिहून ती चिठ्ठी डावात टाकली, भावाने चिठ्ठी नाकारली, आणि हातात तीन राजे असताना काकांना पॅक करावे, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडावा लागला. ते पुढची दोन वर्षे दिवाळीला आले नाहीत. खिशात जास्त पैसे असलेला माणूस कमी पैसेवाल्याला चांगल्या पत्त्यांवरूनही उठवू शकतो, ही त्या खेळातली खोट सगळ्यांना दिसत होती. तिच्यावर उपाय असू शकतो असे मात्र कोणालाच वाटले नव्हते.

पोकर माझ्या आयुष्यात आणला तो बहिणीच्या मुलाने. तो तीन वर्षे मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा तो गणपतीच्या आठवड्यात माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, आता खरं टेबल बघायला गोव्याला जायचं. तू चल, तुला आकडे कळतात." मी आधी त्याला कमाईचे गणित सांगितले: पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर लागतो, त्यावर उपकर वेगळा, आणि त्यातून ना खर्च वजा होतो ना तोटा. तो हसला. मला मात्र त्या खेळाविषयी कुतूहल वाटू लागले होते, आणि लेखापरीक्षणाची मुदत महिनाभराने पुढे गेल्यामुळे दसऱ्यानंतरचे चार दिवस मोकळेही होते.

सप्टेंबरचे तीन रविवार गंगापूर रोडवरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये सरावात गेले. तेथे फक्त प्लास्टिकच्या चिप्स होत्या, रुपया एकही नव्हता. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा अजून लागू आहे, आणि दुसऱ्यांना कायदा सांगून पोट भरणाऱ्या बाईने त्याच्या सीमारेषेवर पाट मांडून बसू नये, एवढे मला कळते. खेळ तसा लवकर समजला. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्ये पाच पत्ते सर्वांसाठी उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग एक, आणि त्या सातांतून उत्तम पाच निवडायचे. बोलीच्या फेऱ्या चार. दर डावाला एकेक जागा पुढे सरकणाऱ्या चकतीला बटण म्हणतात; तिच्या डावीकडचे दोघे न पाहताच ठरलेली रक्कम लावतात, त्यांना छोटा आणि मोठा ब्लाइंड म्हणतात.

टेबलावर कसे वागायचे, हे मात्र भाच्याला स्वतःलाच माहीत नव्हते, आणि याचा उलगडा आम्हा दोघांनाही गोव्यात झाला. मोबाइलवर आपली पाळी नसेल तर बटणच दिसत नाही, म्हणून पाळीबाहेर बोलता येत नाही. कमीत कमी किती वाढवायचे ते यंत्रच सांगते, पत्ते चुकून उघडे पडत नाहीत, आणि पुढ्यातली रक्कम मध्येच वाढवण्याची किंवा लपवण्याची सोयच नसते. तीन वर्षे तो सगळे नियम पाळत होता, पण त्यांतला एकही त्याला ठाऊक नव्हता.

मंगला एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मडगाव, तिथून पणजी. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्या आणि पंचतारांकित हॉटेलांत व जहाजांवर परवान्याने कॅसिनो चालू शकतात; मांडवीत नांगरलेली ती रोषणाईची जहाजे सर्वांनीच पाहिलेली असतात. ओळखपत्र दाखवून, वय २१ च्या वर असल्याची खात्री पटवून, जेटीवरून लहान बोटीने आम्ही त्यांतल्या एका जहाजावर चढलो. वरच्या मजल्यावरच्या गोंगाटाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पोकरची खोली एका बाजूला होती, आणि तिथली शांतता पाहून मला बँकेच्या लॉकर विभागाची आठवण झाली.

नाव यादीत लिहून आम्ही अर्धा तास थांबलो. टेबल ५० आणि १०० रुपयांच्या ब्लाइंडचे होते आणि बसण्यासाठी किमान ५,००० रुपयांच्या चिप्स घ्याव्या लागत. मी १०,००० रुपयांच्या घेतल्या आणि मनाशी ठरवले की, या गेल्या तर उठायचे. बसल्याबरोबर पत्ते मिळत नाहीत, हे पहिले आश्चर्य. एक तर मोठा ब्लाइंड आपल्यापर्यंत येईपर्यंत वाट पाहायची, नाहीतर तेवढी रक्कम स्वतःहून आधी लावायची. नवीन आलेल्याने फुकट पत्ते पाहून ब्लाइंडची पाळी येण्यापूर्वी उठून जाऊ नये, म्हणून ही सोय. मी वाट पाहिली, आणि त्या दहा मिनिटांत जे पाहिले त्याचा पुढे उपयोग झाला.

पहिली चूक चिप्स मांडण्यात झाली. घरची सवय म्हणून मी हजाराच्या मोठ्या चिप्स मागे आणि शंभराच्या लहान चिप्स पुढे रचल्या होत्या, दागिने आतल्या कप्प्यात ठेवावेत तशा. डीलरने मोठ्या चिप्स पुढे, सर्वांना दिसतील अशा ठेवायला सांगितले. समोरच्याकडे किती आहेत हे जाणून घेण्याचा हक्क खेळणाऱ्या प्रत्येकाला असतो, कारण तेवढ्याच रकमेवर त्याला निर्णय घ्यायचा असतो.

दुसरी चूक बोलण्याची. कोणीतरी २०० रुपये लावले होते. मी म्हणाले, "कॉल," म्हणजे तेवढेच मीही लावते, दोनशे पुढे सरकवले, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग आणखी पाचशे उचलत म्हणाले, "आणि वर पाचशे." डीलरने पाचशे परत केले. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. एकदा कॉल म्हटले की कॉल. आधी थोडे टाकून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग रक्कम वाढवायची, ही पळवाट नियमाने बंद केलेली आहे. वाढवायचे असेल तर आधी तोंडाने 'रेझ' म्हणावे, किंवा सगळ्या चिप्स एकाच हालचालीत पुढे न्याव्यात. मला हे पटायला क्षणभरही लागला नाही. लासलगावच्या लिलावात क्विंटलला एक भाव तोंडातून गेला की तो गेला. ट्रॉलीवर उभ्या व्यापाऱ्याने नंतर 'मी तसं म्हणालो नव्हतो' म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. पोकरमध्येही बोललेला शब्द चिप्सच्या आधी मोजला जातो. पाळी नसताना बोललेला शब्दसुद्धा अनेकदा गळ्यात पडतो, शिवाय तो मधल्या माणसांवर अन्याय करतो, कारण पुढचा काय करणार हे त्यांना फुकट कळते.

याच्या उलट प्रसंग थोड्याच वेळात भाच्यावर आला. समोर २०० ची बोली असताना त्याने काही न बोलता हजाराची एक चिप टाकली. त्याच्या मनात ती हजाराची वाढ होती. डीलरने त्याला आठशे सुटे परत दिले. न बोलता टाकलेली एकच मोठी चिप म्हणजे कॉल, मग ती कितीही रुपयांची असो. भाच्याच्या हातात एक्क्यांची जोडी होती, असे त्याने मला नंतर परतीच्या गाडीत तीन वेळा सांगितले.

आता त्या नोटांच्या डावाकडे येते. तोवर माझ्या पुढ्यात ४,००० उरले होते. मला राण्यांची जोडी आली. माझ्या आधीच्या एकाने बोली ४०० वर नेली. माझ्या उजवीकडच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी आपले सगळे, म्हणजे १०,००० पुढे सरकवले. माझी पाळी. आमच्या तीन पत्तीच्या हिशेबाने चाल भरता आली नाही तर पॅक करावे लागते, म्हणून मला वाटले की दहा हजार पुरे करायला सहा हजार कमी आहेत, आणि मी पर्स उघडली. पुढचे वर सांगितलेच आहे. माझा गोंधळ पाहून डीलर मुलीने निर्णय सुचवला नाही, तो सुचवायचा नसतो. तिने फक्त नियम सांगितला. डाव सुरू होताना टेबलावर जेवढे होते तेवढेच या डावात खेळते. त्यात पर्समधून भर घालता येत नाही, शेजाऱ्याकडून उसने घेता येत नाही, चिठ्ठी चालत नाही. पण रक्कम अपुरी आहे म्हणून कोणी मला उठवूही शकत नाही. मी माझे चार हजार लावायचे आणि तेवढ्या हिश्श्यापुरती शेवटपर्यंत डावात राहायचे. याचे नाव टेबल स्टेक्स.

मी म्हणाले, "ऑल-इन." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पहिल्या गृहस्थांच्या पुढ्यात पंचवीस हजार होते; त्यांनी दहा हजार पूर्ण भरले. दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी त्याआधीच पत्ते टाकले होते. मग डीलरने जे केले ते मी हिशेबनीस म्हणून डोळे भरून पाहिले. तिने तिघांच्या रकमेतून चार-चार हजार काढून मध्ये ओढले, त्यात ब्लाइंडचे दीडशे मिळवले आणि १२,१५० चा मुख्य पॉट केला. उरलेले दोघांचे सहा-सहा हजार तिने बाजूला वेगळ्या ढिगात ठेवले: १२,००० चा साइड पॉट. पहिल्यावर तिघांचा हक्क, दुसऱ्यावर फक्त त्या दोघांचा. पहिल्या गृहस्थांनी आपले सगळे पंचवीस हजार लोटले असते, तरी त्यांतले पंधरा त्यांना तिथल्या तिथे परत मिळाले असते, कारण त्या पंधरांना भिडणारे पैसे टेबलावर कोणाकडेच नव्हते.

मध्ये नव्वी, पंजी, दुर्री आली, मग अठ्ठी, मग तिर्री. चष्मेवाल्यांकडे एक्का-राजा होते आणि त्यांना काहीच लागले नाही. दुसऱ्यांकडे गुलामांची जोडी. माझ्या राण्यांनी मुख्य पॉट जिंकला, आणि माझ्याकडून हरलेल्या गुलामांनी साइड पॉट जिंकला. मी मनातल्या मनात ताळा केला: मला ८,१५० चा फायदा, गुलामवाल्यांना २,००० चा, चष्मेवाल्यांचे १०,००० गेले, ब्लाइंडवाल्यांचे १५०. बेरीज शून्य. (जागेचा हिस्सा म्हणून पॉटमधून थोडी रक्कम कॅसिनो कापून घेतो, तो भाग सोडून.) प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागांपुरतीच असते, हे मी वर्षानुवर्षे लोकांना समजावत आले आहे; राण्यांच्या त्या जोडीने मला ते मांडून दाखवले. माझे नुकसान चार हजारांच्या पुढे जाऊच शकत नव्हते, आणि तसाच प्रत्येकाकडून माझा फायदाही चार हजारांच्या पुढे जाऊ शकत नव्हता. त्या क्षणी मला काकांचे तीन राजे आठवले.

या नियमाची दुसरी बाजू मात्र मला इतकी सहज पचली नाही. बारा हजार हातात आल्याबरोबर मी घरच्या शिस्तीप्रमाणे दहा हजार बाजूला काढले आणि पर्समध्ये टाकू लागले. आमच्या आत्याची शिकवण आहे: जिंकलीस की आधी मुद्दल पदरात बांध, मग नफ्यावर खेळ. यावेळी डीलरने 'फ्लोअर' अशी हाक दिली आणि काळ्या कोटातल्या पर्यवेक्षक बाई आल्या. त्यांनी सौजन्याने पण ठामपणे सांगितले की, टेबलावर आलेले पैसे टेबल सोडेपर्यंत टेबलावरच राहतात. भर घालायची असेल तर दोन डावांच्या मध्ये खुशाल घाला, काढून मात्र घेता येत नाही. चहापाणी किंवा डीलरला बक्षिशी देण्यापुरती एखादी चिप चालते. आणि मी उठून गेले आणि थोड्याच वेळात त्याच टेबलावर परत आले, तर नेले होते तेवढे घेऊनच बसावे लागेल.

मला राग आला, हे कबूल करते. माझे पैसे, माझी पर्स. पण समोर चष्मेवाले गृहस्थ नव्याने दहा हजारांच्या चिप्स घेऊन शांतपणे रचत होते. मघाशी हरल्यावर त्यांनी बोटांनी टेबलावर दोनदा टकटक केले होते आणि मला म्हणाले होते, "छान डाव होता, मॅडम." त्यांचे पैसे माझ्या पुढ्यात होते. ते परत जिंकण्याची संधी त्यांना नियमाने होती. मी रक्कम पर्समध्ये सरकवून पुन्हा दोन हजारांवर खेळू लागले असते, तर ती संधी मी गुपचूप काढून घेतली असती, आणि त्यांना मात्र पूर्ण धोक्यात बसवले असते. मी चिप्स परत ठेवल्या. पूर्ण उठून घरी जाण्याला कोणाचीच हरकत नव्हती. मोठा पॉट घेऊन लगेच उठणे लोकांना रुचत नाही, पण तो नियमभंग नाही.

सर्वांत लाजिरवाणी चूक त्यानंतरची. मी सत्ती-दुर्री टाकून दिली होती. मध्ये पहिले तीन पत्ते पडले: सत्ती, सत्ती, राजा. मी भाच्याकडे वळून चक्क मराठीत म्हणाले, "अरे देवा, माझी सत्ती गेली रे!" दोघे जण अजून डावात होते. पलीकडे बसलेले बेळगावचे एक काका मराठी जाणणारे निघाले, ते हळूच म्हणाले, "ताई, डाव संपू द्या." मला आधी कळलेच नाही. मग उमगले की, गड्डीतल्या चार सत्त्यांपैकी दोन टेबलावर, एक माझ्या टाकलेल्या पत्त्यांत. म्हणजे समोरच्याकडे सत्ती असण्याची शक्यता निम्म्याने घटली, आणि ही माहिती मी मराठी कळणाऱ्यालाच तेवढी वाटली होती. पर्यवेक्षक बाई पुन्हा आल्या. डाव चालू असताना सगळ्यांना आणि डीलरला कळेल अशाच भाषेत बोलायचे, त्या टेबलावर म्हणजे इंग्रजी किंवा हिंदीत. डावाविषयी, टाकलेल्या पत्त्यांविषयी तर कोणत्याच भाषेत बोलायचे नाही. पत्ते एकाला दाखवले तर सगळ्यांना दाखवायचे. आणि एका हातामागे एकच डोके: मावशी-भाच्यांनी एकमेकांना सल्ला द्यायचा नाही, एकमेकांना सांभाळूनही घ्यायचे नाही. भाच्याने मागच्या डावात मला सोडून दिले होते का, असे त्या बाईंनी विचारले नाही, पण त्यांची नजर आम्हा दोघांवरून फिरली. त्यानंतर भाचा स्वतःहून दुसऱ्या टेबलावर गेला.

माझा एक डाव पत्ते न जपल्यामुळे मेला. मी टेबलाच्या टोकाला, डीलरच्या उजव्या हाताशी बसले होते, पत्त्यांवर काहीच ठेवले नव्हते, आणि शेजाऱ्याने टाकलेले पत्ते माझ्या पत्त्यांवर येऊन डीलरच्या हाताने सगळेच ढिगात ओढले गेले. मी हरकत घेतली. पर्यवेक्षकांनी ती ऐकून घेतली आणि नाकारली: पत्ते जपणे हे ज्याचे त्याचे काम, आणि ढिगात मिसळलेला पत्ता मेला. अन्याय वाटला, तरी दुसरा मार्ग मला तेव्हाही सुचला नाही, आजही सुचत नाही. कोणते पत्ते माझे होते, हे माझ्याशिवाय कोण सांगणार? मग मी पर्समधली घटस्थापनेची सुपारी काढली आणि प्रत्येक डावात पत्त्यांवर ठेवू लागले. शेजारच्या दिल्लीच्या मुलाने ही काय पद्धत आहे असे विचारले, तेव्हा मी नाशिकची असे सांगून मोकळी झाले.

पत्ते उघडे मांडले असतील तर मात्र नियम तितकाच दयाळू होतो. एका डावात मी नव्वी-अठ्ठी उघडी करून "नव्व्यांची जोडी" असे म्हणाले, आणि मध्ये सत्ती, नव्वी, दश्शी, गुलाम आणि दुर्री होते. डीलरने माझ्या बोलण्याकडे लक्ष न देता सत्तीपासून गुलामापर्यंतची रांग जुळवली आणि पॉट माझ्याकडे सरकवला. तोंडाने काय म्हटले याला शोडाउनमध्ये, म्हणजे शेवटी पत्ते उघडताना, किंमत नाही, तिथे पत्ते बोलतात. जिंकणारे पत्ते हातात धरून मुद्दाम वेळ काढणे, समोरच्याला जिंकल्याचा भास होऊ देणे आणि मग ते उघडणे, याला मात्र कोणताही दंड नाही. तरी त्या रात्री एका तरुणाने तसे केले, तेव्हा टेबलावर अशी शांतता पसरली की, त्यानेच दोन डावांनंतर खुर्ची बदलून मागितली. तोच मुलगा पुढे हरला की डीलरवर चिडत असे, जणू पत्ते तिने घरून आणले होते.

पावणेचार तासांनी मी "या फेरीनंतर उठते" असे सांगितले, मोठा ब्लाइंड येण्यापूर्वी नाही तर तो भरून उठले, आणि काउंटरवर ९,३०० रुपये घेतले. सातशे गेले. आयकराचा प्रश्न सुटला.

दिवाळी दोन आठवड्यांवर होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पंचवटीत मी तीन पत्तीसाठी नवी पद्धत मांडली, आणि नाण्यांऐवजी चिंचोके घेतले. प्रत्येकाला शंभर, ते ताटलीत सर्वांना दिसतील असे. डाव चालू असताना भर नाही, चिठ्ठी नाही, आणि चिंचोके संपले तरी पॅक करायची सक्ती नाही, त्याच्या हिश्श्यापुरता डाव मोठ्या वाटीत आणि वरचा हिशेब लहान वाटीत. थोरल्या चुलतभावाने बराच वाद घातला. चाल दुप्पट करून उठवता येत नसेल तर तीन पत्तीत राहिले काय, हा त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. काका बऱ्याच वर्षांनी खेळायला बसले होते. तिसऱ्या डावात त्यांच्याकडे अकराच चिंचोके उरले होते. ते सगळे त्यांनी मोठ्या वाटीत ओतले, भावाने आणि माझ्या बहिणीने लहान वाटीवर अर्धा तास झुंज घेतली, आणि शेवटी पत्ते उघडले तेव्हा काकांची छक्की-सत्ती-अठ्ठी मोठी निघाली. मोठी वाटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली.

पुढचे दोन डाव आत्याने जिंकले. तिच्या ताटलीत चिंचोक्यांचा ढीग असायला हवा होता, पण तो काही वाढताना दिसेना. भाच्याने मला डोळ्यांनी खुणावले. आत्याच्या पदराला गाठ मारलेली होती.

"आत्या, हे कधी बाजूला काढलेस?"

"जिंकल्या जिंकल्या. मुद्दल आहे ती."

मी पर्यवेक्षक बाईंचे शब्द आठवून, जमेल तेवढ्या सौजन्याने, काय काय चालत नाही ते तिला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, सावकाश गाठ सोडली आणि चिंचोके एकेक करून ताटलीत टाकले. नव्व्याण्णव भरले. शंभरावा तिने देव्हाऱ्यात लक्ष्मीपुढे नेऊन ठेवला आणि परत येऊन म्हणाली, "ती बक्षिशी. वाट पत्ते."